कारखान्यापेक्षा जवळ

राधाकिशन अमेरिकेला निघाला तेव्हा वच्छलाबाईने लेकाला एकच विचारलं, "किती लांब हाय रे?"

"मुंबईहून पंधरा तास," तो म्हणाला.

तिने लगेच डोळे पुसले. गेवराईजवळच्या गावातून ती आणि नवरा तात्याबा दरसाल दसऱ्यानंतर ऊस तोडायला जात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कोल्हापूरकडच्या सहकारी कारखान्यावर पोचायला एक दिवस आणि एक रात्र जाई. म्हणजे पोरगं कारखान्यापेक्षा जवळच की! न्यूयॉर्क हे नाव काही तिच्या तोंडात बसलं नाही, हिशेब मात्र पक्का बसला. कुणी हसलं तर म्हणे, "तुमी मोजा मैल. आमी ट्रॉलीत बसून मोजलंय."

त्या साली पावसाने तोंडच दाखवलं नाही. विहिरी आटल्या, गाव दसऱ्याआधीच कारखान्याला गेलं. ही दोघं मागे राहिली, कारण तात्याबाला दम लागत होता. माघात त्याला बीडच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या."

"आत्ताच कावून? पोराचा खाडा पडंल," वच्छलाबाई दिराला, सुंदररावाला म्हणाली. बुडालेला दिवस मुकादम कधी विसरत नाही, आणि अमेरिकेतही मुकादम असणारच. "लईच वाटलं तर सांजच्याला फोन करू. सकाळी दारात उभा ऱ्हाईल."

तात्याबा रोज विचारी, "राधू?"

"येतोय की. जवळच हाय."

या बाईच्या भोळेपणावर हसावं की कपाळ बडवावं, कळत नाही.

एका दुपारी तात्याबाला घरघर लागली. तेव्हा कुठे तिने सुंदररावाच्या मोबाइलवरून फोन लावला. "निघ आता. सकाळपतुर ये."

राधाकिशन झोपेतून उठला होता. रडत रडतच त्याने तिकिटं बघितली. "आई, आज जागाच न्हाई. उद्याचं विमान, मधी एकदा बदलायचं, मग मुंबई, मग बीड. परवा रातच्याला पोचतो. मला आधी कावून न्हाई सांगितलंस?"

"तूच म्हणलातास पंधरा तास."

"ते नुसते विमानात बसायचे गं. साडेबारा हजार किलोमीटर हाय."

किलोमीटर तिला उमगेनात. "म्हंजे कारखाना किती वेळा?"

त्याने मनातल्या मनात भागून बघितलं. मग म्हणाला, "तीस वेळा."

लग्न झाल्यापासून दोघांनी कारखान्याच्या तेवढ्याच खेपा केल्या होत्या. सगळा जन्म गेला होता त्यात. आपणच नवऱ्याला लेकाचं तोंड बघू दिलं नाही, हे तिला कळलं आणि तिचा जीव आतल्या आत फाटला. फोन दिराच्या हातात देऊन ती खाटेपाशी गेली.

तात्याबाने डोळे उघडले. "राधू?"

"आलाय," ती म्हणाली. "स्टँडावर उतरलाय. रिक्षात बसला बगा."

तात्याबाने कसंबसं अंग चोरलं आणि खाटेवर लेकाला बसायला जागा केली. दिवस मावळेपर्यंत तो तसाच कडेला सरकून पडून होता, आणि तसाच गेला.