चौथ्या मजल्यावरची जोडणी

कझाकस्तानात, कारागांदा शहरातल्या एका इमारतीत लग्नाच्या वयाला आलेल्या तीन घोड्यांनी खेळण्यासाठी आपापले कॉम्प्युटर वायरीने जोडले होते. तिसऱ्या मजल्यावर येर्बोल, चौथ्यावर ऑस्कर, पाचव्यावर तिमूर. एकच काळी वायर खिडक्यांतून वर गेलेली. तिची खोड अशी, की मध्ये कुठेही तुटली तर सगळ्यांचाच खेळ बंद. आणि आता मधलाच चालला होता. ऑस्करच्या मूळ जर्मन लोरेंझ कुटुंबाचे जर्मनीत कायमचं राहायला जायचे कागद आले होते, घर विकलं होतं, दुपारी नवे मालक किल्ली घ्यायला येणार होते.

येर्बोलला ऑस्करला एकच विचारायचं होतं: परत येशील का? महिनाभर तो टाळत होता. आधी रडू फुटेल म्हणून टाळलं, नंतर काहीच फुटेना म्हणून. दात काढल्यावर गालाला बोट लावावं आणि गाल दुसऱ्याचाच वाटावा, तशी त्याची गत झाली होती.

ऑस्करचा कॉम्प्युटर कालच विकला गेला होता. रिकाम्या खोलीत वायरीची दोन तोंडं भिंतीशी लोंबत होती.

"मी असतानाच जोड," ऑस्कर म्हणाला. "चाललेली बघून जातो."

"भरवसा नाही वाटतं माझ्यावर?"

"तुझ्यावर? मागे अर्धा दिवस वायर उलटी धरून पिळत बसला होतास."

येर्बोल हसला. इथे हसायचं असतं हे कळलं, म्हणून हसला.

त्याने दोन्ही तोंडं जोडणीच्या तुकड्यात घातली. सैल ठेवता आली असती. मनात आलंही. पण हातांना नीट काम करायची सवय. मेल्यांनी घट्ट पिळली. मग दोघं खाली येर्बोलच्या घरी आले. कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर तिमूरचं नाव हजर. वरून तिमूरने हीटरच्या पाइपावर दणादण ठोकून पोच दिली.

"माझ्याविना छान चालतंय की तुमचं," ऑस्कर म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसत होतं. येर्बोलला राग यायला हवा होता. आला नाही.

तेवढ्यात येर्बोलची आई हातात छोटी रोटी घेऊन आली. त्यांच्यात रीतच होती, कुणी लांब निघालं की त्याला एक घास चावायला लावायचा आणि उरलेली रोटी जपून ठेवायची; परत आल्यावर ती त्यानेच संपवायची. येर्बोल सैन्यात होता तेव्हा तिने त्याची रोटी अशीच दोन वर्षं सांभाळली होती.

"चाव, बाळा," ती ऑस्करला म्हणाली. "बाकीची मी ठेवते."

ऑस्कर लहानपणापासून या घरात जेवलेला. या रीतीचं त्याला काही सांगावं लागत नव्हतं. त्याने एक घास चावला. आईने रोटी घ्यायला हात पुढे केला. त्याने दुसरा घास चावला, मग तिसरा. उभ्याउभ्या, पाण्याशिवाय, ठसका लागेपर्यंत त्याने सबंध रोटी खाल्ली. आईचा हात तसाच पुढे राहिला.

"भूक लागली होती, मावशी," तो खाली बघत म्हणाला.

विचारायचं आता काही उरलं नव्हतं. वरून तिमूर ओरडत होता, "अरे, झोपलात का? सुरू करा!"

येर्बोल उठला. ऑस्करच्या स्वेटरवर सांडलेले रोटीचे कण त्याने एकेक करून वेचले आणि आईच्या तळहातावर ठेवले.