माझ्या पोटातला गारवा

मित्रांनो, दचकू नका, सुई माझ्याकडे नाही! मी आपली लसीची जुनी निळी पेटी. कारखान्यातून निघाले तेव्हा कशी चकाचक होते! आता पट्टा दोनदा शिवलाय, कडा खरचटल्यात. पोटात गोठलेल्या पाण्याच्या डब्या आणि त्यांच्या मधोमध लसीच्या इवल्या बाटल्या. गारवा सांभाळायचा, एवढंच माझं काम. कौतुक कसलं, बाळं मला पाहूनच भोकाड पसरतात.

एकदा नर्सताई मला खांद्याला अडकवून एका घरी गेली. तिथलं बाळ जन्मताच न्यूमोनियानं आजारी पडलं होतं. त्यात पहिली लस राहून गेली. आता बरं वाटतंय, टोचायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आजोबांनी खिडक्या गच्च लावलेल्या आणि बाळ शालींत असं गुंडाळलेलं, की नाकाचा शेंडा तेवढा दिसावा. त्यांचा हात मला लागला आणि अंगावर काटाच आला त्यांच्या. ताई हात धुवायला वळली, तोच त्यांनी मला उचलून बाहेर पायरीवर ठेवलं. भर उन्हात!

मी झाकण घट्ट मिटून बसले. बाटल्या तापल्या तर लस वाया, आणि बाळ पुन्हा लसीवाचून!

ताईनं विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "आत्ता कुठे त्याची छाती मोकळी झालीय. ते बर्फाचं खोकं नातवाजवळ नको."

ताई रागावली नाही. मला सावलीत घेतलं, बाटलीवरचा छोटा चौकोन त्यांना दाखवला. उष्णता लागली की तो काळपट होतो. अजून फिकट होता. हुश्श!

"आजोबा, ऊब बाळाला, गारवा लसीला," ती म्हणाली. "तुम्ही त्याला जपता ना, तशी ही पेटी लसीला जपते."

मग बाळाची आई हळूच म्हणाली, "बाबा, त्याला पुन्हा दवाखान्यात न्यायची वेळ येऊ नये, म्हणूनच ना हे?"

ताईनं ताप पाहिला, श्वास पाहिला. शाली मात्र आजोबांनीच सोडल्या. सुई टोचली आणि बाळानं असा टाहो फोडला, की गच्च खिडक्याही थरथरल्या असतील. दवाखान्यात त्याला रडायलाही दम पुरत नव्हता. आजोबा डोळे पुसत हसले, "काय आवाज आहे लबाडाचा!"

निघताना माझं झाकण किंचित उघडं राहिलं होतं. ते आजोबांनीच दाबून बसवलं.

मित्रांनो, तुमच्या दारी आले तर मलाही सावलीत ठेवाल? गार लागले तरी बिचकू नका. तो गारवा मी तुमच्याच बाळासाठी जपून आणलेला असतो.