हलवायचं नाही

झरीन सिस्टरची जीभ म्हणजे कोयती, आणि तीही मासळी कापायची. पूर्णगडच्या रस्त्यावरच्या त्या लहानशा रुग्णालयात कॅज्युअल्टीचं दार ढकललं की आधी ती जीभ भेटायची, मग झरीन. "पडलात? झाडावरून? मग चढलात कशाला?" हा तिचा नमस्कार. लोक बाहेर जाऊन म्हणत, बाईच्या छातीत काळीज नाही, जांभा दगड बसवलाय. ते तिला ऐकू यायचं. राग यायचा नाही, वाईटही वाटायचं नाही. काहीच वाटायचं नाही, आणि खरी गोची तिथेच होती.

पूर्वी अशी नव्हती ती. पूर्वी लहान पोरांना सुई टोचताना तिचेच डोळे मिटायचे. मग कोविड आला, मग हायवेवरचे अपघात आले, मग एका दारुड्याने भिरकावलेला स्टीलचा डबा आला आणि कपाळावर टाके ठेवून गेला. टाके घालून झाल्यावर झरीनने कपाळ पुसलं आणि ती म्हणाली, "पुढचा." सगळे म्हणाले, वा, काय धीराची बाई! धीर कसला? आतली विहीर आटली होती आणि लोक रहाटाचं कौतुक करत होते.

परवा तर हद्द झाली. तिची सात वर्षांची लेक आयात सायकलवरून पडली. गुडघा फुटलेला, भोकाड पसरलेलं, अशी धावत आईकडे आली. झरीन भांडी घासत होती. मागे वळूनसुद्धा न बघता ती म्हणाली, "केसपेपर काढलास का?"

आयातचं रडं एकदम थांबलं. परक्या बाईकडे बघावं तशी ती आईकडे बघत राहिली. ती नजर झरीनच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकून बसली होती.

म्हणून आज दुपारी चहा पिताना तिने वॉर्डातल्या आया गोदूबाईंना सांगून टाकलं, "आजचा दिवस बघते. आज एकाही पेशंटबद्दल मला काही वाटलं नाही, तर उद्यापासून येणार नाही. असल्या हातांनी माणसांना शिवू नये. मासे विकीन."

"तू मासं विकशील?" गोदूबाई फुर्रकन बशीतून चहा ओढत म्हणाल्या. "अगो, तुझं तोंड बघून गिऱ्हाईक पळंल. मासं पन पळतील."

झरीन हसली नाही. तेवढ्यात बाहेर रिक्षा कचकन थांबली.

लवू नावाचा पस्तिशीचा माणूस. कातळावर गवत कापताना पायाला पान लागलेलं. साप म्हणायचा नसतो ना, म्हणून पान. सोबत बायको राजश्री, पदराचा बोळा तोंडात कोंबलेली, आणि धाकटा भाऊ बाबू. बाबू गणपतीला मुंबईहून आला होता तो अजून परत गेला नव्हता, आणि मुंबईचा सगळा आवाज सोबत घेऊन आला होता.

"डॉक्टर कुठंय? ए सिस्टर! माणूस मरतोय इथं!"

"मरणारा गप्प आहे, तू का ओरडतोस?" झरीन म्हणाली. "काय चावलं?"

"फुरसं," लवू हळूच म्हणाला. घोटा सुजून भोपळा झाला होता.

डॉक्टर गुरुप्रसाद लेबर रूममध्ये अडकले होते. तिथूनच त्यांनी सांगितलं: रक्त काचेच्या नळीत घ्या, वीस मिनिटं ठेवा, गोठलं नाही तर विषावरची लस सुरू करायची, मला हाक मारा. फुरशाचं विष रक्ताला गोठू देत नाही. पण लसही काही साखरपाणी नव्हे, ती अंगावर उलटू शकते, म्हणून आधी ही परीक्षा. परीक्षेचा नियम एकच. नळी हलवायची नाही. हात लावायचा नाही, तिरकी करायची नाही.

झरीनने रक्त काढलं, नळी स्टँडमध्ये उभी केली, घड्याळ बघितलं आणि समोर स्टूल टाकून बसली. बोर्डाच्या पेपरला सुपरवायझर बसतात ना, अगदी तश्शी.

आणि बसल्या बसल्या तिला स्वतःचीच शिसारी आली. कारण तिच्या मनात काय आलं? रक्त गोठू दे. लवूसाठी नाही हं. गोठलं तर लस नको, लफडं नको, वेळेवर घर. माणूस समोर तळमळतोय आणि ही घराची वेळ बघतेय! झालं, तिला वाटलं, माझा निकाल लागला. मासेच विकायचे.

इकडे बाबूचा पारा चढत होता.

"ही बाई नुसती बसलीय! वहिनी, बघतेस ना? पगार बसायचा घेतात हे लोक!"

"टेस्ट चालू आहे."

"कसली टेस्ट? बाटलीकडं बघायची? आमी काय येडे वाटलो? ओळखीचा असता तर धावली असतीस!"

"ओळखीचा असता तर त्यालाही हेच केलं असतं. आणि त्यानं तुझ्यासारखा भाऊ आणला असता तर त्या भावाला बाहेर काढलं असतं. चल, बाहेर हो."

बाबूने खिशातून मोबाईल काढला. "थांब, तुझी लाईव्हच करतो. बघू दे अख्ख्या रत्नागिरीला." तो मोबाईल तिच्या तोंडासमोर नाचवायला लागला. "हे बघा मित्रांनो, माझ्या भावाला फुरसं चावलंय आणि सिस्टर आरामात बसलीय! आणि ट्रीटमेंट काय, तर ही!"

आणि झरीन स्टुलावरून उठेपर्यंत त्याने ती नळी स्टँडमधून उचलली आणि कॅमेऱ्यासमोर धरून खळाखळा हलवली.

तीन मिनिटं उरली होती फक्त.

आता त्या नळीतलं रक्त काही म्हणालं तरी त्यावर विश्वास ठेवता येणार नव्हता. पुन्हा काढा, पुन्हा वीस मिनिटं.

झरीनच्या कानशिलात काहीतरी सणकन चढलं. तिने बाबूच्या हातातला मोबाईल हिसकला आणि बेडपॅनमध्ये टाकला. रिकामं होतं, नशीब त्याचं!

"मेल्या!" ती अशी ओरडली की बाहेर केसपेपरच्या रांगेतली माणसंही उभी राहिली. "मला काय शिव्या द्यायच्यात त्या दे, डबे फेक, कपाळ फोड! पण ती वेळ तुझी नव्हती, माझी नव्हती, त्याची होती! त्याची सतरा मिनिटं तू तुझ्या मित्रांना वाटून टाकलीस! आता त्याला काही झालं ना, तर तुला मी..." पुढचं तिला बोलता आलं नाही. आवाज फाटला. हात थरथरत होते. सुई टोचताना कित्येक महिन्यांत न थरथरलेले हात!

ते हात तिने मुठी वळून थांबवले. नवी नळी घेतली, लवूचं रक्त पुन्हा काढलं. "दुखलं का?" तिने विचारलं आणि स्वतःच दचकली.

"नाय," लवू म्हणाला. "तुमी बसा. मी हाय."

"तू इकडे ये," ती बाबूला म्हणाली. "हा पाय धर. हा हलता कामा नये. हलला तर तुला गोदूबाईंच्या ताब्यात देईन."

दारात गोदूबाई फिनेलचं फडकं घेऊन उभ्याच होत्या. बाबूने निमूट पाय धरला. निमूट म्हणजे तोंडातल्या तोंडात शिव्या देत, पण धरला.

या वेळी झरीन नळीकडे बघत बसली तेव्हा घर वगैरे कुठल्या कुठे गेलं होतं. गोठ बाई, गोठ, गोठ. ती मनात नळीशी भांडत होती. वेळ भरली. तिने नळी तिरकी केली.

कोकमाच्या सरबतासारखं पातळ रक्त काचेवरून घळकन वाहिलं.

"सर!" अशी हाक तिने मारली की गुरुप्रसाद हातमोज्यांसकट धावत आले. लस लागली. थेंब थेंब उतरायला लागली. झरीनचा हात लवूच्या मनगटावरून तासभर सुटला नाही. अंगावर पित्त उठलं नाही, धाप लागली नाही. राजश्रीने तोंडातला बोळा काढला आणि पहिल्यांदा श्वास घेतला.

आणि बाबू? बाबूने बेडपॅनमधला मोबाईल पुसला आणि डॉक्टरांकडे तक्रार केली. "ही बाई लय उर्मट हाय. मोबाईलचा सत्यानाश केला."

गुरुप्रसाद दमून कसनुसं हसले. "सिस्टर, जरा गोड बोलत जा हो."

"सर, गोड संपलंय," झरीन म्हणाली. "स्टॉक केव्हाच संपला, तुम्ही कुणी बघितलंच नाही. मला पुढचा आठवडा सुट्टी हवी. विनंती नाही करत, सांगतेय. आणि आत्ता, या क्षणी, मला कुणीही हाक मारायची नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग ती ज्या स्टुलावरून उठली होती त्यावर ते जाऊन बसले आणि त्यांनी लवूचं मनगट हातात घेतलं.

मागच्या पायरीवर, फणसाखाली, झरीन बसली आणि रडली. छान नाही, वाईट रडली, नाक गळेपर्यंत. मग ओढणीने तोंड पुसून तिने घरी फोन लावला. "आयात, गुडघा कसाय गं?"

"केसपेपर नाहीये माझ्याकडे," पलीकडून फुरंगटलेला आवाज आला.

"नको. आल्यावर मी बघते. आधी तुलाच."

"बघू," आयात म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आईचीच लेक!

मागे दारात बाबूचा आवाज आला. "ओ सिस्टर, दादा पाणी मागतोय, देऊ का?"

"डॉक्टरला विचार," गोदूबाई दार अडवून म्हणाल्या. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं होतं आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. "हिची वीस मिनिटं चालू हायत. हलवायचं नाय."