दुहेरी फडकं

अयोध्यानं उजवा पाय परकराखाली ओढून घेतला आणि ती बारवेच्या वरच्या पायरीवरच बसून राहिली.

घोट्याजवळ फोड आला होता. सकाळपासून निखारा ठेवल्यासारखा जळत होता. हा नारूचाच फोड, हे तिला कुणी सांगायला नको होतं. गेल्या साली आईच्या पायातून निघालेला दोऱ्यासारखा नारूचा किडा तिनंच रोज थोडा थोडा काडीला गुंडाळला होता. तेव्हाच परंड्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला शिकवलं होतं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फोडाचा पाय विहिरीत घालायचा नाही. तो बुडाला की नारूची पिलं पाण्यात सुटतात आणि मग तेच पाणी सगळे पितात.

यंदा ज्वारीच्या काढणीला त्यांची मजुरांची टोळी जळकोटकडं आली, तशी ती टोळीतल्या पोरींच्या मागंच लागली. पोर पंधरा वर्षांची, पण तोरा मास्तरणीचा! पोरी आधी हसल्या. मग चाँदबीनं जुनी ओढणी फाडून तुकडे वाटले आणि आठ घागरींच्या तोंडांवर फडकी चढली. तांब्या तांब्यानं घागर भरायची म्हणजे हात भरून यायचे, तरी पोरी भरत होत्या.

"गाळून प्या, नारू हुणार न्हाय," एवढंच अयोध्यानं त्यांना सांगितलं होतं. आज प्यालेल्या पाण्याचा नारू वर्षानं निघतो, हे मात्र तिनं गिळून टाकलं होतं. वर्षाचा वायदा ऐकून कोण कशाला गाळत बसेल?

"अये, ऊठ की. मुकादम बोंबलतोय," चाँदबी म्हणाली.

पाणी तळाला गेलं होतं. गुडघाभर पाण्यात उतरल्याशिवाय घागर भरत नव्हती.

"माझीबी तूच भर."

"का गं? पायाला मेंदी लावलीस व्हय?"

पोरी खिदळल्या. काटा मोडला म्हणावं, असं अयोध्याच्या ओठांवर आलं. पण उद्याही पाण्याला यायचंच होतं, काटा रोज कुठला मोडणार? तिनं परकर वर केला.

हसू थांबलं.

"ह्यो तर नारू हाय," सीता म्हणाली. "तू तर रोज गाळून पितीस."

"गेल्या सालच्या पाण्याचा हाय. निघाया वरीस लागतं त्याला."

"मग आधी का न्हाय सांगितलंस?"

खरी गोष्ट आता अयोध्याची तिलाच सबबीसारखी वाटत होती.

सीतानं फडकं काढून कमरेला खोचलं, खाली उतरली आणि घागर सरळ पाण्यात बुडवली. मागोमाग बाकीच्यांनीही. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. त्यानंच तिला रडू फुटलं.

"चाँदबी, तू तरी गाळ. माझी आण हाय तुला."

चाँदबीनं खाली जाऊन दोन्ही घागरी फडक्यातून, तांब्या तांब्यानं भरल्या. अयोध्याच्या जिवात जीव आला.

वर येऊन चाँदबी तिच्या पायाशी बसली.

"लई जळतंय?"

"व्हय."

चाँदबीनं आपल्या घागरीचं फडकं सोडलं, घट्ट पिळलं, दोन्ही घड्या नीट जुळवल्या आणि फोडाला गाठ लागणार नाही अशा बेतानं तिच्या घोट्याला बांधलं.

"अगं, ते घागरीचं..."

"असू दे," चाँदबी मायेनं म्हणाली. "आता त्याचं दुसरं काय काम?"