वैद्याच्या हातचा काढा

बेळगावच्या शहापुरात जोतिबाच्या माडीवर दर रविवारी दुपारी तीन शहाणीसुरती, नोकरीवाली माणसं राक्षस मारायला जमायची. चौथा जोतिबा, तो राक्षस पुरवायचा. त्याचा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्र्याऐंशी साली त्यानं कुठल्याशा बंदरातून एक खोका आणला. त्यात जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे, एकाला तर वीस बाजू. पट नाही, सोंगट्या नाहीत. जोतिबानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करणार ते बोलून दाखवायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. जोतिबाच्या बायकोच्या मते हा निव्वळ रिकामटेकडेपणा होता, पण चहा ती न चुकता पाठवायची.

कंग्राळीचा मष्णू बँकेत कारकून, खेळात योद्धा. हायस्कुलात भूगोल शिकवणारा भावकू खेळात कुलपं उघडणारा चोर. आणि निपाणीला वीज मंडळात इंजिनिअर असलेला शामू झाला वैद्य. जखमा बांधायच्या, काढे पाजायचे, हे त्याचं काम. राक्षसाची गुहा जोतिबानं सरळ जांबोटीच्या जंगलात नेऊन ठेवली, कारण पुस्तकातल्या डोंगरांची नावं कुणाच्या जिभेवर बसेनात.

एका रविवारी जोतिबानं शामूला जिन्यात गाठलं. "एक गंमत करूया. वैद्य आतनं राक्षसाचा माणूस. ह्या दोघास्नी सांगायचं न्हाय. जमंल तुला?"

शामू लगेच हो म्हणाला, इतक्या लगेच की त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो घरातला पहिला शिकलेला. आजा दुसऱ्याच्या रानात राबून मेला. वडिलांनी बौद्ध धम्म घेतला त्या वर्षी देव्हाऱ्यातलं सगळं, भंडाऱ्याच्या डबीसकट, नदीत सोडलं. "आता आपल्याजवळ आपला शब्द, दुसरं काय न्हाय," हे ते पोरांना उठताबसता सांगायचे. शामूनं ते फारच मनावर घेतलं. कुठं उशीर नाही, कुठं उणा शब्द नाही. कुणी बोट दाखवू नये म्हणून जन्मभर चांगलं वागायचं, त्याचाही माणसाला कंटाळा येतो की. इथं फुकटात वाईट व्हायला मिळत होतं, ते कोण सोडतंय.

आणि गडी वाईटपणात भलताच हुशार निघाला. चोराच्या जखमेवर पाला बांधता बांधता त्यानं राक्षसाला वाटा कळवल्या. योद्ध्याची तलवार त्यानं रात्रीतून बोथट केली आणि सकाळी त्याच्याबरोबर हळहळलाही. जोतिबा पुस्तकाआड तोंड लपवून हसायचा.

त्याच सुमाराला मष्णूच्या बहिणीला, जयाला, निपाणीचं स्थळ सांगून आलं. मुलगा रवळू तंबाखूच्या वखारीत मुकादम, घर स्वतःचं. घरातले सगळे राजी. मष्णू म्हणाला, "शामू, तू तिथंच ऱ्हातोस. जरा बघ रं, माणूस कसा हाय. बाकीचे गोड बोलतील. तू सांगशील ते खरं."

शामूला तेव्हा बरंही वाटलं आणि खेळातला वैद्य आठवून खुपलंही.

पुढच्या खेळात राक्षसानं यांना नेमकं अरुंद खिंडीत गाठलं. भावकूनं फासा खाली ठेवला. "आपल्यातलाच कोण तर फितूर हाय. भंडारा उचला सगळ्यांनी."

आपल्याकडं भांडण कोर्टात जाण्याआधी भंडाऱ्यावर जातं. यल्लम्माचा भंडारा, म्हणजे देवीची हळद, हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. भावकू थट्टेनंच म्हणाला होता, पण मष्णूनं खरोखर शर्टाच्या खिशातून पुडी काढली. त्याची आई नुकतीच सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊन आली होती. जोतिबा कुरकुरला, "खेळात खरा भंडारा कशाला रं?" तोवर भावकूनं चिमूट उचललीही होती. पाठोपाठ मष्णूनं उचलली.

शामूनं हात पुढं केला. त्याला त्या पिवळ्या चिमटीचं काहीच वाटणार नव्हतं. पण मष्णूनं पुडी मिटली आणि खिशात ठेवली.

"शामूला नको. त्यांच्यात भंडारा न्हाय. त्येचा शब्द पुरे की."

तो हे मानानं बोलला होता, त्यात टोचण नव्हती. शामूची मात्र कानशिलं तापली. सगळे वाट बघत होते.

"मी न्हाय रं," तो म्हणाला.

तो आठवडा त्याला कसा गेला ते त्यालाच माहीत. सोंगातलं खोटं हे खोटं नव्हे, असं तो मनाला बजावायचा आणि मन काही ऐकायचं नाही. जेवता जेवता उठायचा, वाचलेलं पानच परत वाचायचा. खोलीवरची खाट त्यानं दोनदा इकडची तिकडं केली. अशातच गुरुवारी रवळूच्या गल्लीतून वीज गेल्याची तक्रार आली. शामू लाइनमनबरोबर खांबाखाली उभा असताना समोरच्या, रवळूच्याच घराचं दार उघडलं. दारू प्यालेल्या रवळूनं म्हाताऱ्या आईला उंबऱ्याबाहेर ढकललं आणि वरून चप्पल फेकून मारली. शेजारच्या बायांनी मानसुद्धा वर केली नाही. "रोजचंच हाय," त्यातली एक म्हणाली.

रविवारी खेळाआधीच मष्णूला बाजूला घेऊन सांगायचं, असं ठरवून शामू बेळगावला आला. पण मष्णूच उशिरा आला, आणि जोतिबा घाईला आलेला. वैद्यानं आज घाव घालायचा, हे जोतिबा आणि शामूत आधीच ठरलेलं. थांबूया का, असं शामूनं डोळ्यांनी विचारलं. जोतिबानं मान हलवली. महिनाभर रंगवलेला डाव होता तो.

गुहेच्या तोंडाशी योद्धा घायाळ होऊन पडला. वैद्यानं काढा पुढं केला.

"काढा तपासणार?" जोतिबानं मष्णूला विचारलं. "फासा टाक."

"कशाला? शामूनं दिलाय न्हवं?" मष्णू म्हणाला. "पितो."

शामूनं काढा मागं घेतला नाही. योद्धा मेला. वैद्यानं आतून गुहेचा दगड लोटला आणि राक्षस जिंकला. भावकूनं टाळी वाजवली. "लई भारी, शामू. शब्द कसा दिलास रं, चेहरा हलला न्हाय तुझा." मष्णूही हसला, पण सगळ्यांच्या शेवटी.

संध्याकाळी मष्णू नेहमीसारखा त्याला स्टँडवर सोडायला आला. निपाणीची गाडी लागली होती. शामूनं पाहिलं ते सगळं सांगितलं, चपलेसकट. मष्णू खाली बघत ऐकत होता.

"नक्की?" तो म्हणाला.

असं त्यानं शामूला आजवर कधी विचारलं नव्हतं.

"डोळ्यांनी बघितलंय, मष्णू. जयाला तिथं देऊ नका."

"घरात सगळ्यांनी पसंत केलंय रं. सुपारी फुटायची हाय पुढच्या आठवड्यात. मी काय सांगू त्यास्नी?"

"मी सांगितलं म्हणून सांग."

मष्णूनं नजर गाडीच्या पाटीकडं वळवली. शामू जवळ सरकला आणि हात पसरून म्हणाला, "पुडी हाय का खिशात? आण हिकडं. भंडारा उचलून सांगतो."

बापानं नदीत सोडलेली गोष्ट तो तोंडानं मागत होता. जयासाठी तीही उचलायची त्याची तयारी होती. मष्णूचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"तू उचलून काय उपेग, शामू," तो हळूच म्हणाला. "तू मानत न्हाईस ते."

कंडक्टरनं निपाणी, निपाणी म्हणून हाळी दिली. शामू गाडीत चढला, खिडकीशी बसला आणि गजाला तोंड लावून पुन्हा म्हणाला, "देऊ नका रं तिला." मष्णूनं निरोपाचा हात वर केला.