वर्गणीतला उरलेला वेळ

"गणपतीची वर्गणी दिली तर निदान प्रसाद तरी मिळतो," मुरलीधरराव शेजारच्या रिकाम्या खुर्चीला सांगत होते. "इथं पैसे भरायचे आणि वर गोड खाऊ नका म्हणून ऐकून घ्यायचं."

खुर्ची काही बोलली नाही. काउंटरमागे बसलेली मनीषाही बोलली नाही, कारण हे गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने तिला दर महिन्याला ऐकायला मिळायचं. मुरलीधररावांचा जन्म ग्लासगोत लोकांचे हिशेब तपासण्यात गेला होता. बायको गेल्यावर ते लंडनला, वेम्बलीत मुलीकडे, स्वातीकडे आले, आणि तेव्हापासून तपासायला हिशेब उरले नसल्यामुळे जगच तपासत होते.

"सरकारची एनएचएस फुकट आहे. इन्शुरन्सचा हप्ता चालूच आहे. त्यात हे तिसरं! माणूस एक आणि त्याच्यामागे डॉक्टर तीन ठिकाणचे. मी काय संस्थानिक आहे?"

"मग सोडून द्या की, काका," मनीषा म्हणाली.

"सोडायला काय, आत्ता सोडतो. पण मग कुरकुर कुठं करायची? स्वाती ऐकून घेत नाही."

ईलिंग रोडवर साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर ही सर्जरी होती. सर्जरी म्हणजे आपला साधा दवाखानाच, पण इकडे त्याला तसंच म्हणतात. खिडकीतून मान लांब केली की नव्या स्टेडियमची कमान दिसायची. ती उभी राहून किती दिवस झाले, तरी खालचं काम काही आवरत नव्हतं, आणि बोलायचे विषय संपले की वेटिंग रूममधले लोक त्या कमानीवर यायचे. आतल्या खोलीत डॉक्टर जयंत सबनीस बसायचे. मनीषाचा नवरा.

जयंतने अर्धं आयुष्य एनएचएसच्या सर्जरीत काढलं होतं. तिथं पेशंटला दहा मिनिटं. "माणूस कोट काढून बसेपर्यंत चार जातात," तो म्हणायचा, "आणि खरं दुखणं तो उठताना, दाराच्या मुठीवर हात ठेवून सांगतो. तोवर पुढचा आत आलेला असतो." पन्नाशीत त्याने ते सोडलं आणि हे काढलं. महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, मग कितीदाही या, फोन करा, अर्धा तास बसा, पाऊण तास बसा. कागदावर मेंबरशिप असं लिहिलं होतं. मुरलीधररावांनी पहिल्या दिवशी तिचं बारसं वर्गणी असं केलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

नवे लोक, विशेषतः पुण्या-मुंबईहून व्हिसावर आलेली कॉम्प्युटरवाली मुलं, हमखास विचारायची, "पण डॉक्टर, कंपनीने इन्शुरन्स दिलाय ना! मग हे कशाला?"

त्यावर जयंतचं उत्तर ठरलेलं होतं. "घरात जळकट वास येतोय का, ते हुंगायला मी. आग लागली तर इन्शुरन्स. बंबवाले वास घ्यायला येत नाहीत, आणि मला काही बंब चालवता येत नाही." मग तो सोपं करून सांगायचा, की ऑपरेशन, स्कॅन, मोठा स्पेशालिस्ट, हे सगळं इन्शुरन्स देईल, पण सर्दी, बीपी, रात्रीची झोप आणि मनातली धाकधूक त्यांच्याकडे चालत नाही. शिवाय स्पेशालिस्टकडे जायचं तर आधी जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागते, ती इथून मिळेल. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

हे सांगताना तो नाक असं काही फुलवायचा की पोरं हसायची आणि सही करायची.

अलीकडे मात्र सह्या होण्याऐवजी फोन येत होते. त्याच सकाळी प्रणवचा आला होता.

"मनीषाताई, पुढच्या महिन्यापासून आम्ही थांबतोय. म्हणजे, कंपनीच्या पॉलिसीत आता जीपी पण कव्हर होतो."

"हो का? बरंच झालं की."

"डॉक्टरांना थँक्यू सांगा हं. खरंच. खूप केलं त्यांनी आमचं."

प्रणवच्याच कंपनीतला गिरीश आदल्या आठवड्यात इथंच बसून, कंपनीच्या पॉलिसीत जीपी नाही म्हणून बोटं मोडत होता. मनीषाने प्रणवला ते सांगितलं नाही. त्याची बायको वैभवी रक्त द्यायला आली होती, तो दिवस तिला आठवत होता. जयंतने चारदा टोचलं. वैभवी बाहेर आली ती दंडावर कापूस दाबून, आणि वर मनीषाचीच समजूत काढत होती. "माझीच शीर सापडत नाही हो. लहानपणापासून असंच आहे." मनीषाने खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, "थंडी पण किती आहे ना. हात गारठतात."

सगळे असे सभ्य. कुणाला घर दूर पडायला लागलं, कुणाची बदली नॉटिंगहॅमला झाली आणि तरीही तो शनिवारी भाजीच्या दुकानात दिसला. दिसल्यावर तो आणि मनीषा दोघंही मेथीच्या जुड्यांमध्ये तोंड घालून उभे राहिले. जो तो कारण स्वतःच्या अंगावर घेऊन जात होता. आणि मनीषा ते घेऊ देत होती.

तिला सगळं आधी दिसलं होतं. कुठं बघायचं ते जयंतनेच तर शिकवलेलं. मागे एका म्हाताऱ्या गृहस्थांचं दुखणं त्याने ते दारातून खुर्चीपर्यंत चालत येईस्तोवर ओळखलं होतं आणि घरी येऊन तिला करून दाखवलं होतं. "हे बघ, चालताना एक हात हलतो, दुसरा असा लाकडासारखा. अक्षर मुंगीएवढं होत जातं. वास तर त्याच्याही आधी कळेनासा होतो. चेहऱ्यावरचं हसू आधी जातं, माणूस नंतर खचतो." आता ईलिंग रोडवरून त्याच्या मागून चालताना मनीषा दुकानांकडे बघायची. त्याच्या उजव्या हाताकडे बघायची नाही. तरी तो दिसायचाच.

रविवारी तिने दूध तापत ठेवलं आणि कपडे वाळत घालायला बागेत गेली. परत आली तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं, भांडं काळं ठिक्कर, आणि हातभर अंतरावर जयंत पेपर वाचत बसलेला.

"अहो! दूध करपलं!"

त्याने मान वर केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग धुराकडे. "अरेच्चा," तो म्हणाला. उठला आणि खिडकी उघडायला लागला. खिडकीची कडी त्याला पटकन उघडेना. मनीषाने भांडं घासायला घेतलं आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ घासलं. नाकावर ज्याचं दुकान चालायचं, त्याला वास आला नव्हता.

सोमवारी तो बँकेत गेलेला असताना तिने इन्शुरन्स कंपनीला फोन लावला. दोघांची पॉलिसी कित्येक वर्षं भरत आले होते, कधी वापरली नव्हती. पलीकडे एक स्कॉटिश मुलगी होती, गोड बोलणारी. मनीषाने विचारलं, मेंदू-मज्जातंतूंच्या स्पेशालिस्टला दाखवायचं असेल तर?

मुलीने सगळं नीट सांगितलं. निदान होईपर्यंतच्या तपासण्या कंपनी करेल. दुखणं कायमचं निघालं, तर पुढचं एनएचएसकडे. पण सुरुवातीला जीपीची चिठ्ठी लागेल. "मिस्टर सबनीस यांचे जीपी कोण?"

"ते स्वतःच जीपी आहेत."

"हो, पण त्यांचे कोण?"

मनीषाने फोन दुसऱ्या कानाला लावला. एनएचएसच्या एका सर्जरीत कागदोपत्री त्याचं नाव होतं खरं, पण तिथे तो कधी गेलाच नव्हता. खोकला झाला तर स्वतः औषध लिहायचा, पाठ दुखली तर दुर्लक्ष करायचा.

"स्वतःची चिठ्ठी स्वतःला देता येत नाही, माहीत आहे ना?" मुलगी हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टरांचं हे असं फार होतं हो. त्यांनी आधी कुणाला तरी दाखवायला हवं. तुम्ही बोलून बघा ना त्यांच्याशी."

बोलून बघा! तीस वर्षं ती त्याच्याशी बोलत होती. भाजीपासून बागेतल्या गोगलगाईंपर्यंत सगळ्यावर बोलत होती. पण हे तोंडातून गेलं की ते खरं होणार होतं. मग आतली खोली बंद, खालची पाटी उतरणार, आणि खुर्चीत बसून लोकांचं ऐकत राहण्याखेरीज दुसरं काही न येणारा हा माणूस घरात दिवसभर करणार काय? तिने फोन ठेवला आणि तो बँकेतून आला तेव्हा त्याला चहा विचारला.

"मुरलीधरकाका, जा आत," ती आता म्हणाली.

मुरलीधरराव उठले. "दार उघडंच ठेवतो. मला कोंडल्यासारखं होतं." इतक्या वर्षांत त्यांना कधी कोंडल्यासारखं झालं नव्हतं. मनीषाला आतलं सगळं ऐकू येत होतं, अर्धंअधिक दिसतही होतं.

जयंत त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होता. एकदा निसटला. दुसऱ्यांदा तिरका बसला. मुरलीधररावांनी दुसऱ्या हाताने पट्ट्याचं टोक धरून ठेवलं, जणू ते त्यांचंच काम होतं.

"सर्जरीत गारठा फार आहे," जयंत म्हणाला.

"जून महिना आहे, डॉक्टर."

पट्टा फुगला, उतरला. जयंतने आकडा लिहून घेतला. कागदावर मुंग्यांची एक ओळ गेली.

"डॉक्टर, एक विचारू?" मुरलीधरराव बाही खाली करत म्हणाले. "तुम्ही कुणाचे मेंबर?"

"मी?" जयंत हसला, पण हसू अर्ध्या तोंडातच राहिलं. "मला कशाला मेंबरशिप? माझं मीच बघतो की."

"आमच्या धंद्यात ते चालत नसे. हिशेब ज्याने लिहिला, त्याने तो तपासायचा नाही. माणूस चोर असतो म्हणून नव्हे हो. स्वतःची चूक डोळ्यासमोर असून दिसत नाही म्हणून."

"काका, तुमचं बीपी छान आहे," जयंत म्हणाला. "गोड तेवढं कमी करा."

"करतो. वर्गणीही भरत राहतो, मी कुठं जात नाही. चारदा टोचा, आठदा टोचा." मुरलीधरराव उठले. "पण माझा वेळ अजून उरलाय ना? अर्धा तास म्हणता तुम्ही, मी काही एवढा बसलो नाही. उरलेला मनीषाताईंना देतो."

बाहेर येऊन ते पुन्हा त्याच रिकाम्या खुर्चीशेजारी बसले, आणि पहिल्यांदाच तिला काही न सांगता कमानीकडे बघत राहिले.

मनीषा उठली. आत गेली आणि पेशंटच्या खुर्चीत बसली. ही खुर्ची तिने रोज पुसली होती, पण तीत कधी बसली नव्हती. बसल्यावर जयंत वेगळाच दिसला; थकलेला, आणि कुणीतरी विचारावं म्हणून थांबलेला.

सवयीने त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली. सवयीनेच म्हणाला, "बोला, काय होतंय?"

"मला काही होत नाहीये." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "दूध करपलं, ते तुम्हाला कळलं नाही. चालताना तुमचा उजवा हात हलत नाही. प्रणव-वैभवी गेले ते पॉलिसीमुळे नाही. थंडी आहे, थंडी आहे म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटलेय, आणि ते बिचारे मानून घेतात."

टेबलावर त्याचा अंगठा बोटाशी हलत होता, न दिसणारी जपमाळ ओढल्यासारखा. त्याने तो झाकायला दुसरा हात उचलला आणि मग तसाच खाली ठेवला.

"अहो," मनीषा म्हणाली, "तुम्हाला पार्किन्सन्स झालाय. आणि ते तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत आहे."