किशोरीचा वाटा

"हिरण नहीं, सिस्टर. हिरण मम्नू. हात लगाया तो सीधा जेल, फिर कोई कफील, कोई मालिक नहीं छुडाता," उमैर म्हणाला आणि त्यानं चहाचा पेला खाली ठेवला.

"मी कुठं हरीण म्हटलं?" किशोरी माझ्याकडे वळली. "खुर्शीद, तू सांग गो त्याला. मी शिकार म्हटलं. ससा असला तरी चालेल. मला शिकारीला जायचंय, बस."

माझे यजमान हारून हसून हसून लोडावर कलंडले. "अहो ताई, कायमचं घरी जाताना माणसं सोनं मागतात, कांबळ मागतात. तुम्ही ससा मागताय!"

"सोनं तुमच्या बायकोला घ्या. मला ससा."

सौदीतल्या अल खफजीत, आमच्या बैठकीत हे चाललं होतं. किशोरी इथल्या एका लहान दवाखान्यात नर्स होती. तरुणपणी आली ती केस पिकेपर्यंत तिथंच राहिली. दवाखान्याच्या मागं तिची खोली, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. धाकट्या बहिणीचं शिक्षण, तिचं लग्न, आईचं दुखणं, गावच्या घरावर स्लॅब, सगळं तिनं इथून निभावलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. एखाद्याचं पोस्टात जायचं राहून जावं तसं, असं ती म्हणायची आणि पुढच्या पेशंटला थर्मामीटर लावायची. आता त्या महिन्यात तिचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपत होता आणि ती संगमेश्वराकडच्या आपल्या गावी परत निघाली होती.

उमैर त्याच दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचा. दोघांनी मिळून किती बाळंतिणी, किती अपघाताची माणसं वाटेत सांभाळली, देव जाणे. निवृत्त झाल्यावर त्यानं ससाणा पाळला होता. "सिस्टर, जो बोलोगे वो देगा," असं त्या दिवशी तो छातीवर हात ठेवून म्हणाला आणि फसला. अरबानं दिलेला शब्द, तोही पाहुणीला. परत कसा घेणार?

"सुबह जल्दी निकलना पडेगा," तो शेवटी म्हणाला. "और सिस्टर, शिकार में बात नहीं. एकदम चूप."

"चूपच असते मी," किशोरी म्हणाली. हारूनना पुन्हा हसू आलं.

जानेवारीतली थंडी होती. गाडी उमैरची मुलगी अरवा चालवत होती. ही मुलगी झाली तेव्हा तिला पहिली आंघोळ किशोरीनं घातली होती, आणि आता ती एका हातानं स्टिअरिंग फिरवत आम्हाला वाळूतून उडवत नेत होती. मी इथं आले त्या दिवसांत बाईला गाडी चालवायची चोरी होती. पुढं, बापलेकीच्या मध्ये लाकडी खुंटीवर ससाणा बसला होता. डोळ्यांवर चामड्याची टोपी, टोपीला गोंडा. ससाणा कसला, ससाणी. तिचं नाव रीम.

"रीम म्हणजे काय?" मी विचारलं.

"हरणी," अरवा म्हणाली. ती सिनेमे बघून आमच्यासारखंच हिंदी बोलायला शिकली होती.

"बघा ताई," हारून म्हणाले, "शेवटी हरीण आलंच शिकारीला."

किशोरीचं लक्ष नव्हतं. नवे पांढरे बूट घालून ती शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी काचेला नाक लावून बसली होती. मी तिला कोपरानं ढोसलं. "काय गो, आता तरी सांग. हे शिकारीचं खूळ आलं कुठून?"

"खूळ नाय गो." ती काचेपासून वळून सांगायला लागली. "आमच्याकडं शिमग्याच्या आधी गाव रानात जायचं. बंदूकवाले दोन-चार, बाकी सगळे हाकारे. डबे बडवायचे, आरोळ्या ठोकायच्या, रान उठवायचं. डुक्कर पडलं की देवळासमोर वाटे घालायचे. जो जो रानात गेला त्याचा वाटा. सागाच्या पानावर सारखं सारखं मटण. कुत्र्याचासुद्धा वाटा. गावकर एकेक नाव घ्यायचे, ज्याचं नाव त्यानं उचलायचं."

"मग?"

"बाबा असेपर्यंत आमचाही होता. बाबा गेले, मग आमच्या घरातून रानात जायला पुरुष नाही. आई आणि आम्ही दोघी. मी म्हटलं, मी जाते. ओरडायला काय, मी बाबांपेक्षा मोठ्यानं ओरडायची. सगळे हसले. बायका कुठं शिकारीला जातात? त्या वर्षी शेजारच्या काकांनी दया येऊन त्यांच्यातलं थोडं पाठवलं. आईनं तसंच परत केलं. म्हणाली, 'हे दान आहे, वाटा नव्हे.' मला एवढा राग आला होता तिचा! केवढा वास सुटला होता गावभर."

पुढं उमैरनं आरशातून पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण किशोरीचा आवाज त्याला पाठ होता. "सिस्टर, सब ठीक?"

"सब ठीक. तू समोर बघ."

पाऊस होऊन गेल्यामुळे वाळवंटावर हिरवी लव आली होती. मध्ये मध्ये अर्फजची गुडघ्याएवढी झुडपं. ससा त्यांच्या बुडाशी दबून बसतो. आपण रांग धरून हळूहळू चालायचं; तो उठला की ससाणी सोडायची. उमैरनं मोबाइलवरचा शिकारीचा परवाना आम्हाला अभिमानानं दाखवला, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग रीमची टोपी काढून तिला हातमोज्यावर घेतलं. तिनं आमच्याकडे असं पाहिलं की हारूननी नकळत शर्टाची बटणं नीट केली.

पहिल्या फेरीत काही उठलं नाही. दुसऱ्या फेरीत हारूनना शिंक आली. उमैरनं पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. ऊन चढत होतं. माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. किशोरी मात्र रांगेच्या टोकाला वाकून, प्रत्येक झुडपात डोकावत चालली होती. गाल लाल झाले होते तिचे.

तिसऱ्या फेरीत ती एका मोठ्या झुडपापाशी थबकली. आम्हीही थांबलो. तिच्या डोळ्यांत काय आलं ते मी पाहिलं, आणि मला एकदम कळलं की ही आता ओरडणार. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

"हाऽऽऽ हुर्रर्रर्र! हाऽऽऽ हो! उठलाऽऽ उठलाऽऽ उठला रे!"

इंजेक्शन देताना "कुछ नहीं होगा" असं हळूच म्हणणाऱ्या बाईचा तो आवाज. एका डोंगरावरून निघून दुसऱ्यावर आपटावा तसा. तिथं डोंगर नव्हता, म्हणून तो गेला तो गेलाच. ससा झुडपातून उसळला आणि सरळ हारूनच्या पायांमधून निघाला. हारून वाळूत बसले. ससाणी पंख फडफडवून उमैरच्या मुठीतून सुटली आणि वर, वर, पार दिसेनाशी झाली.

"सिस्टर," उमैर अगदी हळू म्हणाला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. "मैं बोला था, चूप."

किशोरीच्या तोंडावरचा रंग उतरला. तिच्या गावात ओरडल्याशिवाय शिकार होत नव्हती आणि इथं ओरडलं की शिकार संपते. दोन्ही गोष्टी तिला ठाऊक होत्या, पण गळ्याला ठाऊक नव्हत्या. "मेरे को माफ करो," ती म्हणाली. "पक्षी गेला माझ्यामुळं. खुर्शीद, त्याला पोरासारखं आहे गो ते."

"तिच्या शेपटीला ट्रान्समीटर आहे, आंटी," अरवा म्हणाली आणि मोबाइल काढला. "यल्ला, बसा गाडीत."

मग जी गाडी पळाली! अरवा एका डोळ्यानं मोबाइलवरचा ठिपका बघत होती, दुसऱ्यानं वाळू. उमैर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन शीळ घालत होता. हारून कलमा पुटपुटत होते, ससाणीसाठी की स्वतःसाठी, मी विचारलं नाही. किशोरी माझा हात घट्ट धरून बसली होती. "नाय सापडली तर मी तोंड कसं दाखवू?" एवढंच तिचं चाललं होतं.

ठिपका मेंढ्यांच्या एका तळाशी थांबला. एक तंबू, पाण्याची टाकी, आणि बाहेर हातात काठी घेऊन उभा असलेला मेंढपाळ. तो आपल्याच कुत्र्यांना हाकलत होता. त्याच्या मागं टाकीच्या सावलीत रीम पंख पसरून बसली होती. तिच्या पंजाखाली ससा होता.

"आप लोगों की है?" मेंढपाळ म्हणाला. त्याचं नाव तौकीर, बहावलपूरचा. "आसमान से गिरी सीधे खरगोश पर. जान बाकी थी, मैंने बिस्मिल्ला पढके छुरी फेर दी. कुत्ते छोडते नहीं थे, तब से खडा हूँ."

उमैरनं रीमला मुठीवर घेतलं, तिचं पीस न पीस तपासलं, चोचीशी गाल नेला. मग तो किशोरीकडे वळला.

"सिस्टर," तो म्हणाला, "वो खरगोश तुम्हारे आवाज से भागा. इतना भागा, इतना भागा, के इधर आके मर गया." आणि तो असा हसायला लागला की रीमसुद्धा डोलायला लागली. अरवा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती. किशोरी आधी रडली आणि मग तीही हसायला लागली.

तौकीरच्या तंबूपाशीच चूल मांडली. रीमला उमैरनं काळीज आधीच चारलं. बाकीचा ससा त्यानं भातावर शिजवला, आणि ते मोठं ताट दोन्ही हातांनी उचलून थेट किशोरीपुढं आणून ठेवलं. सबंध ससा तिच्याच बाजूला. आम्हाला नुसता भात.

"तुम मेहमान," तो म्हणाला. "सब तुम्हारा."

इथल्या रीतीप्रमाणे याच्यावर मान नाही. पण किशोरीनं ताट हळूच मध्यभागी सरकवलं.

"मेहमान नहीं," ती म्हणाली. "मैं शिकार में थी. मेरे को हिस्सा दो. सबके जितना."

उमैरला कळेना. पाहुणीला कमी वाढायचं? मग अरवानं त्याला अरबीत काहीतरी सांगितलं. गाडीतलं बोलणं मी तिला वाटेत हिंदीत सांगितलं होतं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. त्यानं सुरी किशोरीच्या हातात दिली.

एका सशाचे सहा वाटे. किशोरीनं ते इतक्या काटेकोरपणे घातले की हाडसुद्धा हाडाच्या बरोबरीनं पडलं. कागदी बशीत एकेक तुकडा, लिंबाएवढा.

"ताई, याच्यात दात तरी भरतील का?" हारून म्हणाले.

"तुमच्या शिंकेला एवढंच मिळतं, हारूनभाई."

"आणि मला? मी काय केलं?" मी म्हटलं.

"तू चाललीस ना रांगेत? मग झालं."

तौकीर लांब उभा राहून बघत होता. "तू का उभा? बैस," ती मराठीतच म्हणाली. "कुत्री कुणी आवरली?" तो समजला आणि बसला.

मग तिनं उमैरला सांगितलं, नाव घेऊन वाटायचं. तो उभा राहिला. इमामासारखा घसा साफ केला. "अरवा!" अरवानं बशी उचलली. "हारून!" "खुर्शीद!" "तौकीर!" स्वतःचंही नाव त्यानं घेतलं आणि स्वतःला उत्तर दिलं. मग त्यानं शेवटची बशी हातात घेतली आणि अडला. एवढ्या मोठ्या मानाचं नाव नुसतं कसं घ्यायचं?

"किशोरी बिंत... बाप का नाम क्या, सिस्टर?"

किशोरीनं मान हलवली. "बाबांचा वाटा बाबांनी कधीच घेतला. ये मेरा है. सिर्फ किशोरी बोलो."

"किशोरी!" उमैर ओरडला. लांब मेंढ्यांनी माना वर केल्या.

"हजर!" म्हणून ती उठली, चार पावलं चालत गेली, बशी घेतली आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली. तो तुकडा ती फार सावकाश खात होती. हारूननी आपल्यातला अर्धा तिच्या बशीत टाकायला हात पुढं केला, तेव्हा तिनं तळव्यानं बशी झाकली. "नको, हारूनभाई. माझा झाला."

येताना ती गाडीत गाढ झोपली. तोंड उघडं, पांढरे बूट वाळूनं पिवळे झालेले.

दोन-चार दिवसांनी दवाखान्यात तिचा निरोप समारंभ झाला. डॉक्टर बोलले, केरळच्या सिस्टर बोलल्या, मग सगळे म्हणाले, किशोरी सिस्टर, दोन शब्द. ती माइकपाशी गेली. तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. घसा त्या दिवशी वाळवंटातच राहिला होता. सभागृहात सगळ्यांना वाटलं, तिला भरून आलंय. लोकांनी रुमाल काढले. कुणी तरी पाणी घेऊन धावलं.

किशोरी पाणी प्यायली आणि पुन्हा बोलून पाहिलं. काहीच नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या रांगेत उमैर आणि हारून हसू दाबत एकमेकांच्या अंगावर रेलले होते. तिचेही ओठ थरथरायला लागले, पण हसण्यानं. तिनं दोन्ही हात जोडले, मान लववली आणि ती खाली उतरली. सगळं सभागृह उठून उभं राहिलं होतं, आणि त्या टाळ्यांत ती आपली पर्स शोधत होती.